निरोप ठेवा, येतोच

१

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "आज हे बोलत नाहीत."

वन्संच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या, फोन कानाशी घट्ट दाबून. चेहरा पांढराफटक. गोल खिडकीबाहेर समुद्र मात्र निळाशार पसरला होता, त्याला कशाचं काही नव्हतं.

ह्यात वेडेपणा काही नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. वहिनींचे यजमान, म्हणजे वन्संचा सख्खा थोरला भाऊ, जाऊन वर्ष होत आलं होतं. पण त्याचा फोन घरी टेबलाच्या खणात चार्जरला लावलेला होता आणि नंबर चालू होता. तो लावला की तिकडे रिंग वाजायची, वाजत राहायची, आणि मग दादाचा आवाज यायचा: "मी जरा बाहेर आहे. निरोप ठेवा, येतोच." वहिनी रोज सकाळी चहाच्या आधी हा फोन लावायच्या. निरोप कधी ठेवायच्या नाहीत. ऐकायच्या आणि कामाला लागायच्या. घरचा टीव्ही बिघडला तर शेजाऱ्यांना हाका मारणारी ही बाई जहाजाच्या इंटरनेटवरून फोन लावायला मात्र पहिल्याच दिवशी शिकली होती.

जहाजाची सफर दादाच्याच डोक्यातली. नोकरी संपली की जायचं, असं तो बरीच वर्षं घोकत होता. नोकरी संपली आणि पाठोपाठ तोही. मग वहिनींनी एक दिवस वन्संना सांगितलं, "ह्यांच्या जागी तुम्ही चला." आणि जहाजावर पाऊल ठेवल्यापासून त्या सगळ्यांना सांगत सुटल्या की ह्यांना जहाज लागलंय, हे खोलीत पडून आहेत. जेवणाच्या टेबलावर हे सांगून भागलं. खोली आवरणाऱ्या माणसापुढे भागेना, तर त्याला सांगितलं की हे पुढच्या बंदरावर चढणार आहेत. कोणाला कुठली थाप सांगितलीय हे लक्षात ठेवता ठेवता वन्संच्या नाकी नऊ आले होते. पण वहिनींना टोकायचा धीर त्यांना झाला नाही. खरं सांगायचं तर त्या थापा ऐकताना त्यांनाही घटकाभर बरं वाटायचं.

"दे इकडे," वन्संनी फोन घेतला. दादाचा आवाज नव्हता. कुठलीतरी यंत्रातली बाई सांगत होती की हा नंबर सध्या उपलब्ध नाही.

त्यांनी फोन कंपनी गाठली. तिथली मुलगी गोड बोलणारी होती. "नंबर कोणाच्या नावावर आहे? पूर्ण नाव सांगा," ती म्हणाली. वन्संनी सवयीने फोन वहिनींपुढे धरला. वहिनींनी तो परत ढकलला. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. 'अहो' आणि 'हे' एवढ्यावर सगळं निभावलं होतं. दादा चिडवायचा, एकदा तरी घे, काही झडत नाही जीभ! त्या लाजून आत पळायच्या. शेवटी नाव वन्संनीच सांगितलं.

"मॅडम, नंबर बंद नाहीये," मुलगी म्हणाली. "काल संध्याकाळी तो दुसऱ्या फोनवर चालू करून दिलाय."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी म्हणजे? ज्यांचा आहे त्यांनीच. स्वतः बोलले आमच्याशी."

२

वन्संची अख्खी नोकरी बँकेत फसवणुकीच्या तक्रारी निस्तरण्यात गेली होती. दुसऱ्याच्या नावाने वावरणारे चोर त्यांनी ढिगाने पाहिले होते. अशा माणसांशी बोलताना आवाज किती चढवायचा आणि कधी उतरवायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. थोड्याच वेळात त्यांनी त्या मुलीकडून हवं ते काढून घेतलं. बोलणारा पुरुष होता. फार सभ्य, फार हळू आवाज. ओळखपत्राचा फोटो पाठवलेला, जन्मतारीख बरोबर. खात्रीसाठी कंपनीने दादाच्या ई-मेलवर कोड पाठवला होता, तोही त्याने अचूक वाचून दाखवला. "मी जहाजावर सफरीला आलोय, जुना फोन घरी राहिला," असंही म्हणाला.

"तो माणूस आता हयात नाही," वन्संनी सांगितलं. हे वाक्य त्यांनी आजवर मोजक्या लोकांनाच सांगितलं होतं.

मुलगी म्हणाली, "माफ करा. मग मृत्यूचा दाखला पाठवा, आम्ही नंबर लगेच कायमचा बंद करतो."

"नको!" वहिनी एवढ्या जोरात ओरडल्या की मुलगी दचकली असावी.

दुसरा मार्ग एकच होता. चोर सापडला आणि जहाजाच्या अधिकाऱ्यांनी तसं कळवलं, तर नंबर पुन्हा घरच्या फोनवर फिरवता येईल, आणि दादाचा निरोपही तसाच राहील. पण उद्या सकाळी जहाज बंदराला लागणार होतं. चोर तिथे उतरून गर्दीत मिसळला की मिळालाच म्हणायचा!

असा नंबर चोराच्या हाती गेला की बँकेचे कोडही त्यालाच जातात, म्हणून वन्संनी आधी वहिनींकडून बँकेला फोन करवून दादा-वहिनींचं खातं गोठवून टाकलं. मग त्या वहिनींसमोर बसल्या. "मी आवाज रेकॉर्ड करून ठेवूया म्हणत होते, तेव्हा ऐकलं असतंस तर?"

"रेकॉर्ड केलेलं म्हणजे फोटो झाला, वन्सं. मी फोन लावते तेव्हा तिकडे वाजतो. वाजत असतो ना, तेवढा वेळ..." वन्संना कळलं. रिंग वाजते आहे तोवर कोणीतरी उचलेल, असं वाटायला जागा असते.

"बरं. निघायच्या आधी मी काय काय बजावलं होतं?"

वहिनींनी शाळकरी मुलीसारखं म्हणून दाखवलं. जास्तीची कार्डं घरी ठेवायची, पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत, सफरीचे फोटो घरी गेल्यावरच टाकायचे, आणि जहाजावरच्या सगळ्यांसाठीच्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. "सगळं पाळलं हो. माझं सगळं पाळलं."

"तुझं. आणि दादाचं?"

वहिनींनी पदर चाचपला. "काल दुपारी मी त्या कॉम्प्युटरच्या खोलीत गेले होते. ह्यांची मेल उघडली. त्यांनी ह्या सफरीबद्दल मला काय काय लिहून पाठवलं होतं, ते मोठ्या पडद्यावर वाचावंसं वाटलं. ह्यांचं कोण काय चोरणार, असं वाटलं."

"आणि उठताना खात्यातून बाहेर पडलीस ना?"

वहिनी हळूच म्हणाल्या, "तिथे विचारतात ना, बाहेर पडायचंय का म्हणून. मला ते बटण दाबवेना. ह्यांना हाताला धरून बाहेर काढल्यासारखं वाटलं. मी तशीच उठून आले."

वन्संना रागवायचं होतं. एरवी बँकेत अशा बाईची त्यांनी खरडपट्टी काढली असती. पण राग आलाच नाही, त्याच्याऐवजी भलतंच काहीतरी दाटून आलं. मेलमध्ये ओळखपत्राचा फोटोही होता. सफरीच्या चौकशीसाठी दादाने स्वतःच तो पाठवला होता.

"तू उठलीस तेव्हा त्या खोलीत कोण होतं?"

वहिनींनी आठवून सांगितलं. खोली आवरणारा माणूस पाण्याच्या बाटल्या ठेवत होता. जेवणाच्या टेबलावरचे अत्तरवाले दारात ताटकळत उभे होते. आणि मागच्या खुर्च्यांवर त्याच टेबलावरच्या गोळीवाल्या काकू आणि त्यांचे यजमान भिंतीवरचा नकाशा बघत बसले होते.

म्हणजे ज्यांच्याशी रोज हसून बोलायचं, त्यांच्यातलाच कोणीतरी.

३

खोली आवरणारा दुपारी आला. चादरी झटकताना गुणगुणायचा, आणि टॉवेलांच्या घड्या घालून त्यांचे ससे नि हत्ती करून ठेवायचा. वन्संना त्याचा आधीपासूनच संशय होता. त्याच्याकडे खोलीची किल्ली, आणि आवाज असा मऊ की लहान मूल झोपावं.

"काल कॉम्प्युटरच्या खोलीत होतास म्हणे?"

"रोजच असतो, मॅडम. बाटल्या भरायला." तो अजिबात गडबडला नाही. उलट कपाट उघडून त्याने एक नवाकोरा टॉवेल आणि पुरुषी मापाचा झगा काढून दाखवला. "साहेब उद्या बंदरावर चढणार ना? त्यांचं सामान तयार करून ठेवलंय. ते पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतात, तेवढं सांगा. उशी तशी लावतो."

वहिनी पटकन न्हाणीघरात गेल्या. वन्संनी सांगितलं, "खिडकीकडच्या." दादा खरंच खिडकीकडेच झोपायचा, लहानपणापासून. त्यावरून दोघं भावंडं भांडायची.

अत्तरवाले डेकवरच्या आरामखुर्चीत सापडले. हे एकटे गृहस्थ, केसांचा भांग असा की पट्टी लावून पाडलेला, आणि यायच्या आधी त्यांचा वास यायचा. वहिनींशी जरा जास्तच मधाळ बोलायचे, म्हणून वन्संच्या डोक्यात ते पहिल्या दिवसापासून गेले होते.

"काल तुम्ही वहिनींच्या मागोमाग कॉम्प्युटरवर बसलात?"

"छे हो! बसायला मिळालं तर ना. मी दारातच होतो, तेवढ्यात मागून कोणीतरी येऊन खुर्ची पकडली. मी कंटाळून निघून आलो." त्यांनी खिशातून पत्त्यांचा जोड काढला. "हा तुमच्या भावाला द्या. दिवसभर पडून राहून माणूस विटतो. म्हणावं, बरं वाटलं की एक डाव टाकू. मलाही कोणी भिडू नाही हो इथे."

शेवटचं वाक्य बोलताना ते समुद्राकडे बघत होते. वन्संनी पत्ते घेतले. खुर्ची कोणी पकडली, ते मात्र त्यांना आठवेना. वन्संच्या मनात पाल चुकचुकली. आठवत नव्हतं, की आठवायचं नव्हतं?

उरल्या गोळीवाल्या काकू. टेबलावरची सगळ्यांत प्रेमळ बाई. त्यांच्या भल्याथोरल्या पर्समध्ये अख्खं औषधाचं दुकान असायचं. कोणी नुसतं शिंकलं तरी काकूंचा हात पर्समध्ये. त्यांचे यजमान बरोब्बर उलटे. वन्संनी त्यांचं नाव मौनीबाबा ठेवलं होतं. आख्ख्या प्रवासात त्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकू आलं होतं, "जरा मीठ देता का?" आणि तेही इतकं हळू की दोनदा विचारावं लागलं.

"अगं बाई, तुमचा चेहरा किती उतरलाय!" काकूंनी वन्संच्या तळहातावर गोळी ठेवली. वाढप्याच्या हातात दुसरी. पलीकडच्या टेबलावर कोणी खोकलं, तर तिकडेही एक. "कॉम्प्युटरची खोली? आम्ही नकाशा बघून लगेच उठलो. मला कुठलं येतंय त्यातलं! आणि तुमच्या वहिनींनाही ही एक गोळी द्या हो, बिचारी सुकलीय."

वन्सं गोळी घेऊन उठल्या. तिघांशी बोलून झालं होतं आणि हाती धुपाटणंही आलं नव्हतं.

४

खोलीत परतल्या, तर वहिनी झोपल्या होत्या, किंवा तसं दाखवत होत्या. वन्संनी पत्त्यांचा जोड ठेवायला उशाजवळची जागा रिकामी केली. तिथे एक बशी होती. बशीत गोळ्या.

"ह्या कसल्या गं?"

"ह्यांच्यासाठी दिलेल्या," वहिनी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या. "काकू द्यायच्या, जहाज लागतं म्हणून. मला टाकवेनात. कोणीतरी ह्यांची काळजी करून दिलेल्या."

वन्संनी बशी उचलून गोळ्या मोजल्या, तीनच. चढलो त्या दिवशीची संध्याकाळची, काल सकाळची, काल दुपारच्या जेवणाची. सगळ्या पिवळ्या, एकसारख्या. काल रात्रीची दिसत नव्हती.

"आणि नंतरच्या?"

"नंतर दिल्याच नाहीत. विसरल्या असतील."

वन्सं खाली बसल्या. त्यांनी बशीकडे पाहिलं, मग पत्त्यांच्या जोडाकडे, मग कपाटातून डोकावणाऱ्या त्या कोऱ्या झग्याकडे. त्यांच्या डोळ्यांना खळकन पाणी आलं, आणि त्याच क्षणी चोर कोण तेही कळलं. पुरावा मात्र नखाएवढाही नव्हता. तो उद्या सकाळी, बंदर दिसायला लागल्यावरच मिळणार होता, आणि मिळवायला वहिनींना एक अवघड गोष्ट करावी लागणार होती.

"वहिनी, उद्या तू फोन कधी लावायचास ते मी सांगेन. मी चमचा खाली ठेवला की लाव."

५

सकाळी न्याहारीच्या वेळी किनारा जवळ आला. सगळ्यांचे फोन एकदम टिणटिणायला लागले, रेंज आली होती. वन्संनी जहाजाच्या सुरक्षा अधिकारी बाईंना आधीच भेटून सगळं सांगितलं होतं. त्या शेजारच्या टेबलावर साध्या कपड्यांत टोस्टला लोणी लावत बसल्या होत्या.

"आज दादाला फारच उलट्या होताहेत हो," वन्संनी टेबलाला ऐकू जाईल असं म्हटलं.

अत्तरवाले अर्धवट उठले. "डॉक्टरांना बोलावू का? मी जातो!"

काकूंचा हात सवयीने पर्सकडे गेला, आणि थबकला. त्यांनी क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. "गोळ्या संपल्या वाटतं," त्या म्हणाल्या. मघाशीच त्यांनी वाढप्याला एक दिली होती.

वन्संनी चमचा खाली ठेवला. वहिनींनी टेबलाखाली फोन लावला.

आधी काहीच झालं नाही. मग टेबलावर ठेवलेली काकूंची पर्स थरथरायला लागली. पर्सला टेकलेल्या बशीतला चमचा किणकिणू लागला. आवाज थांबेना.

आणि वन्संनी नको ते पाहिलं. वर्षभर दूर कुठेतरी वाजणारी ती रिंग आज अगदी जवळ वाजत होती, आणि वहिनींचा चेहरा उजळला होता. चोराकडे, पर्सकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मान वळवून त्या दाराकडे बघत होत्या.

"फोन घ्या ना, काकू," वन्संचा आवाज त्यांनाच परका वाटला. "माझ्या भावाला आलाय."

"कसला भाऊ? हा आमचा फोन आहे!"

"तुम्ही त्याला गोळ्या द्यायच्या का थांबवल्यात, ते सांगते. ह्या टेबलावर सगळ्यांना वाटतं तो आजारी आहे. खोली आवरणाऱ्याला वाटतं तो आज चढणार आहे, त्याने टॉवेल काढून ठेवलाय. ह्या गृहस्थांनी पत्ते पाठवले. तुम्हीही जहाजावर चढल्यापासून आठवणीने गोळ्या देत होतात, परवा दुपारपर्यंत. मग वहिनी कॉम्प्युटरवर दादाची मेल उघडी ठेवून उठल्या, आणि तुम्ही तिथे बसलात. वर्षभर त्या खात्यात जाहिराती सोडल्या तर सांत्वनाचीच पत्रं आलीत. ती वाचल्यावर कळलं की हा माणूस नाही, म्हणजे तक्रारही करणार नाही. मेलेल्या माणसाला कोण कशाला गोळी देईल? खोकणाऱ्या परक्याला विसरला नाहीत तुम्ही. त्याला बरोबर विसरलात."

"बाईचा आवाज आणि पुरुषाचा आवाज ह्यात फरक असतो," काकू उसळल्या. "कंपनीला कळलं नसतं?"

"कंपनीशी पुरुष बोलला, हे मी इथे कोणालाही सांगितलेलं नाही," वन्सं म्हणाल्या.

काकूंनी पर्स मांडीवर ओढली. मौनीबाबांनी मान खाली घातली आणि मीठ मागावं तितक्याच हळू, सभ्य आवाजात म्हणाले, "मी म्हणत होतो, नको म्हणून." शेजारच्या टेबलावरची लोण्याची सुरी खाली ठेवली गेली.

६

दुपारपर्यंत नंबर घरच्या फोनवर परत गेला. काकूंच्या पर्समध्ये आणखीही फोन निघाले, आणखीही माणसांचे. पण ती चौकशी अधिकारी बाईंची. जहाज बंदरात उभं होतं, बहुतेक लोक फिरायला उतरले होते. अत्तरवाल्यांना खरं काय ते कळलं तेव्हा त्यांनी पत्ते परत मागितले नाहीत, एवढंच.

खोलीत दोघीच होत्या.

"आता तुझं तू ठरव," वन्सं म्हणाल्या. "नंबर ठेवलास तर चोराला शिरायला भोक राहतं. आज काकूंनी केलं, उद्या दुसरा कोणी करेल. पण ठेवायचा असला तर ठेव. मी आहे लक्ष ठेवायला." फसवणूक खात्यात असताना असं कोणी म्हणालं असतं, तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

वहिनी बराच वेळ बशीतल्या गोळ्यांशी चाळा करत होत्या. "मी दाराकडे बघितलं, वन्सं."

"मी पाहिलं."

"मला खरंच वाटलं. एवढी माणसं बसलीयत, तुम्ही बोलताय, आणि मला वाटलं, आले. एवढ्या जवळ वाजला ना." त्यांनी नाक पुसलं. "आणि तो वाजला कुठे, तर त्या बाईच्या पर्समध्ये. माझ्या वाट बघण्यात कोणीही येऊन बसावं, एवढी मी ती उघडी टाकली होती."

त्यांनी फोन उचलला. या वेळी तो दोघींच्या मध्ये, पलंगावर ठेवला. रिंग वाजू लागली. वन्संनी हा नंबर वर्षभरात एकदाही लावला नव्हता, धीरच झाला नव्हता. दादाच्या खणातला तो फोन त्यांना दिसत होता. वाजू दे, असं त्यांना वाटत होतं. असाच वाजत राहू दे.

"मी जरा बाहेर आहे. निरोप ठेवा, येतोच."

तोच आवाज. शेवटच्या शब्दाला किंचित घाई, चपला पायात घालता घालता बोलल्यासारखी. वन्संनी उशीत तोंड खुपसलं.

वहिनींनी पहिल्यांदाच निरोप ठेवला. "अहो, समुद्र छान आहे. तुम्ही म्हणाला होतात तसाच. वन्सं आहेत माझ्याबरोबर. तुम्ही घाई करू नका." मग थोडं थांबून म्हणाल्या, "ठेवते हं."

त्यांनी कंपनीला फोन लावला. कालचीच मुलगी होती. दाखला पाठवलाय, नंबर कायमचा बंद करायचा आहे, असं वहिनींनी सांगितलं.

"ठीक आहे मॅडम. नंबर ज्यांच्या नावावर आहे, त्यांचं पूर्ण नाव सांगा."

वन्संनी फोनसाठी हात पुढे केला. वहिनींनी मान हलवली. त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला, खिडकीबाहेर पाहिलं आणि नवऱ्याचं नाव घेतलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आवाज कापला, पण सगळं घेतलं.

"सॉरी, नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगाल?"

वहिनींनी पुन्हा सांगितलं. या वेळी सावकाश, एकेक अक्षर.

"थँक यू. झालं, मॅडम. नंबर बंद झाला."

फोन कटला. खोलीत कोणी काही विचारलं नव्हतं, तरी वहिनींनी ते नाव तिसऱ्यांदा घेतलं.